प्रतिमेतील वस्तूंची गणना : एका पद्धतीचा इतिहास

१

गणना ही मनुष्याच्या अत्यंत जुन्या व्यवहारांपैकी एक होय. दावणीची गुरे, खळ्यावरची पोती, सैन्यातील घोडे यांची मोजदाद करण्यासाठी प्राचीन काळापासून निरनिराळ्या युक्त्या योजिल्या गेल्या. परंतु प्रत्यक्ष वस्तू समोर नसता तिच्या प्रतिमेवरून संख्या निश्चित करणे हा व्यवहार तुलनेने अर्वाचीन आहे. छायाचित्र संगणकावर उघडावे, त्यातील वस्तूंवर एकामागून एक खुणा कराव्यात आणि शेवटी पडद्यावर आलेला आकडा टिपून घ्यावा, ही कृती आज प्रयोगशाळेतील विद्यार्थ्याला इतकी सवयीची झाली आहे की, तिच्यामागे काही इतिहास असेल अशी शंकाही त्याला येत नाही. फोटोशॉप या सुप्रसिद्ध आज्ञावलीत गणनेसाठी स्वतंत्र साधन २००७ साली आले. त्या साधनापर्यंतची वाटचाल मात्र दीडशे वर्षांहून अधिक काळाची आहे.

त्या वाटचालीचा संक्षिप्त आढावा घेणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. या इतिहासात एक प्रश्न पुनःपुन्हा उभा राहताना दिसतो, व त्याकडे वाचकांचे लक्ष वेधणे अधिक अगत्याचे वाटते. तो प्रश्न म्हणजे, ‘एक’ कशाला म्हणावे? परस्परांना चिकटलेले दोन दाणे एक की दोन? चित्राच्या कडेने अर्धा कापला गेलेला दाणा धरावा की सोडावा? धूसर डाग हा दाणा की सावली? प्रत्येक नव्या साधनाने या प्रश्नांचे ओझे आपण उचलले असे सांगितले. प्रत्यक्षात ते ओझे एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवले गेले, असे आमचे मत आहे. पुढील विवेचनावरून ते कितपत साधार आहे हे वाचकांनीच ठरवावे.

२

प्रतिमेवरून मोजण्याच्या शास्त्रशुद्ध प्रयत्नांचा आरंभ सूक्ष्मदर्शकाखाली झाला. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल फिरोर्ट याने १८५२ मध्ये रक्तातील तांबड्या पेशींची गणना प्रसिद्ध केली. रक्ताचा मोजून घेतलेला अत्यल्प भाग काचेवर पसरावा आणि त्यातील पेशी एकेक करून मोजाव्यात, असा त्याचा प्रकार होता. एका घन मिलिमीटर रक्तात सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात, हे प्रमाण अशा मोजणीतूनच हाती आले. परंतु हे काम अतिशय वेळखाऊ होते. रुग्णालयात रोजच्या रोज करण्याजोगे ते नव्हते.

ही अडचण फ्रेंच वैद्य लुई-शार्ल मालासे याने १८७४ मध्ये योजिलेल्या साधनाने पुष्कळ अंशी दूर झाली. ठराविक खोलीच्या पात्रात पातळ केलेले रक्त घ्यावयाचे आणि त्यावर आखलेल्या चौकटींच्या जाळीतून पाहून मोजावयाचे, हे त्या साधनाचे तत्त्व. पुढे त्यात अनेकांनी सुधारणा केल्या. त्यांपैकी नॉयबाउअर याच्या नावाने ओळखली जाणारी काचपट्टी आजही जगभर वापरली जाते. तीत १ मिलिमीटर बाजूचे ९ चौकोन असतात व पात्राची खोली ०.१ मिलिमीटर असते. मधल्या चौकोनाचे आणखी ४०० बारीक भाग पाडलेले असतात.

या जाळीचे महत्त्व सोयीपुरते नाही. जाळी आली तेव्हाच गणनेत नियमही आला. चौकोनाच्या रेषेवर पडलेली पेशी कोणत्या चौकोनाची, हा प्रश्न मोजणाऱ्याला लगेच पडला. यावर तोडगा निघाला तो असा : चारपैकी लगतच्या दोन बाजूंवरील पेशी धराव्यात आणि उरलेल्या दोन बाजूंवरील सोडाव्यात. त्यायोगे कोणतीही पेशी दोनदा मोजली जात नाही व कोणतीही सुटत नाही. हा नियम दिसावयास लहान आहे. तथापि ‘एक’ कशाला म्हणावे याचा निर्णय मोजणाऱ्याच्या लहरीतून काढून लिखित संकेताकडे सोपविण्याचे हे पहिले ठळक उदाहरण होय.

नियम पाळूनही दोन वेळच्या मोजणीत फरक पडतोच. तो किती पडावा, याचे उत्तर एका मद्यनिर्मितीच्या कारखान्यातून आले. डब्लिन येथील गिनेस कारखान्यात काम करणारा विल्यम सीली गॉसेट याने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०७ मध्ये ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. कारखान्याला यीस्टच्या पेशींची संख्या अचूक हवी होती, आणि गॉसेटने ४०० चौकोनांतील पेशी मोजून त्यांच्या विभागणीचा अभ्यास केला. ही विभागणी पॉयसाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या सूत्राला अनुसरते आणि मोजणीतील प्रमादाची मर्यादा मोजलेल्या एकूण संख्येच्या वर्गमुळाइतकी असते, असे त्याने दाखविले. म्हणजे १०० पेशी मोजल्या तर सुमारे १० चा, अर्थात शेकडा १० चा फरक संभवतो. ४०० मोजल्या तर २० चा, म्हणजे शेकडा ५ चा. प्रमाद निम्मा करावयाचा तर मोजणी चौपट करावी लागते. साधनाची किंमत कितीही असो, हा हिशेब कोणालाही चुकत नाही. आजच्या संगणकालाही तो चुकलेला नाही.

३

विसाव्या शतकाच्या मध्यास हे काम यंत्राकडे सोपविण्याचे प्रयत्न सुरू झाले. १९५१ साली जे. झेड. यंग आणि एफ. रॉबर्ट्स यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एका नव्या सूक्ष्मदर्शकाचे वर्णन दिले. दूरचित्रवाणीच्या नळीवरील प्रकाशाचा ठिपका नमुन्यावरून ओळीओळीने फिरवावा आणि पलीकडे पोचणाऱ्या प्रकाशातील चढउतार विद्युत्-संकेतांत नोंदवावेत, अशी त्याची रचना होती. ठिपका एखाद्या कणावरून गेला की संकेत खाली येतो. संकेत किती वेळा खाली आला हे मोजणे यंत्राला सहज शक्य होते.

पण येथे एक नवीच अडचण उभी राहिली. एकच कण लागोपाठच्या चार-पाच ओळींत सापडतो. ओळीतील प्रत्येक खंड मोजला तर एका कणाचे पाच कण होतात. डोळ्याला जे एका दृष्टिक्षेपात कळते, ते यंत्राला शिकवावे लागते, याची जाणीव संशोधकांना प्रथम झाली ती अशा प्रसंगी. मागची ओळ स्मरणात ठेवून तिच्याशी ताडून पाहिल्याखेरीज यंत्राला ‘हाच तो मघाचा कण’ असे म्हणता येत नव्हते.

अमेरिकेतील वॉलेस कोल्टर याने या अडचणीतून वेगळी वाट काढली. त्याने प्रतिमाच वगळली. क्षारयुक्त द्रवातील पेशी एका बारीक छिद्रातून एकेक करून जाऊ द्याव्यात आणि प्रत्येक पेशीमुळे विजेच्या प्रवाहाला होणारा क्षणिक अडथळा मोजावा, या त्याच्या युक्तीला १९५३ मध्ये एकस्व मिळाले. रक्तपेशींच्या नित्याच्या मोजणीत या तत्त्वाने क्रांती केली. मात्र जेथे वस्तू द्रवात सोडता येत नाहीत, तेथे या वाटेचा उपयोग नव्हता. धातूच्या घासलेल्या पृष्ठभागावरील कण, दगडातील खनिजे, आकाशातून टिपलेली झाडे अथवा मैदानात जमलेली माणसे छिद्रातून कशी न्यावयाची? त्यांच्यासाठी प्रतिमेकडे परतणे भागच होते.

ते परतणे संगणकाच्या द्वारे झाले. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेतील रसेल कर्श व त्याचे सहकारी यांनी १९५७ मध्ये ‘सीक’ या संगणकाला जोडलेल्या यंत्राने एक छायाचित्र अंकांत रूपांतरित केले. हे चित्र कर्शच्या तीन महिन्यांच्या मुलाचे होते. त्याची रुंदी व उंची प्रत्येकी १७६ चित्रबिंदूंची, म्हणजे सर्व मिळून ३०,९७६ बिंदूंची होती. आजच्या साध्या भ्रमणध्वनीच्या छायाचित्रातही याच्या शेकडो पट बिंदू असतात. या चित्राची आठवण बहुधा पहिली अंकीय प्रतिमा म्हणून काढली जाते. पण त्याच गटाने त्या संगणकाकडून करवून घेतलेल्या पहिल्यावहिल्या कामांत चित्रातील वस्तूंची गणना हेही एक काम होते, हे फारसे सांगितले जात नाही. अंकीय प्रतिमा जन्मली तेव्हापासूनच ती गणनेच्या कामी लागली आहे.

४

अंकीय प्रतिमेतील गणनेचा गाभा काय, हे एका साध्या उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, काळ्या कागदावर ज्वारीचे दाणे पसरले आणि त्यांचे छायाचित्र घेतले. संगणकापुढे दाणे नसतात. असते ती अंकांची एक मोठी चौकट. प्रत्येक बिंदूला ० ते २५५ मधील एक अंक दिलेला असतो, ० म्हणजे पूर्ण काळा व २५५ म्हणजे पूर्ण पांढरा. या चौकटीतून दाण्यांची संख्या काढण्यासाठी तीन निर्णय घ्यावे लागतात.

पहिला निर्णय उंबरठ्याचा. कोणत्या अंकाच्या वरचा बिंदू दाण्याचा आणि कोणत्या खालचा कागदाचा, हे ठरवावे लागते. उंबरठा खाली आणला तर कागदावरची धूळही दाणा ठरते; वर नेला तर सावलीतील दाणे नाहीसे होतात. जपानी संशोधक नोबुयुकी ओत्सू याने १९७९ मध्ये हा उंबरठा आपोआप ठरविण्याची एक रीत दिली. बिंदूंचे दोन गट असे पाडावेत की प्रत्येक गटातील अंकांची आपसांतील भिन्नता कमीत कमी राहील, हे तिचे सार होय. ही रीत आजही सर्वत्र रूढ आहे. तथापि चित्रात मुळातच दोन गट आहेत, हे गृहीत तिच्या पोटात आहे, आणि ते खरे आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी मनुष्यावरच राहते.

दुसरा निर्णय संलग्नतेचा. उंबरठ्याने निवडलेल्या बिंदूंपैकी कोणते बिंदू एकाच दाण्याचे? ॲझरिएल रोझेनफेल्ड व जॉन फाल्ट्झ यांनी १९६६ मध्ये या प्रश्नाचे जे उत्तर प्रसिद्ध केले, त्याने ओळींच्या जुन्या अडचणीचा निकाल लावला. चित्रावरून ओळीओळीने जावे. प्रत्येक निवडलेल्या बिंदूला त्याच्या वरच्या वा डाव्या शेजाऱ्याचा क्रमांक द्यावा. शेजारी नसेल तर नवा क्रमांक द्यावा. आणि दोन क्रमांक पुढे एकत्र आले तर ते एकाच वस्तूचे आहेत अशी नोंद ठेवावी. इंग्रजी ‘यू’ अक्षरासारख्या आकाराच्या दोन बाजूंना आरंभी दोन क्रमांक मिळतात, पण तळाशी पोचताच ते एकच असल्याचे उघड होते. दुसऱ्या फेरीत या नोंदींनुसार क्रमांक दुरुस्त केले की गणना पूर्ण झाली. येथेही एक संकेत पाळावा लागतो. केवळ कोपऱ्याने टेकलेले दोन बिंदू शेजारी मानावयाचे की नाही? मानले तर एक वस्तू, न मानले तर दोन. गणित दोन्ही उत्तरे देण्यास समर्थ आहे. त्यांतून एक निवडणे गणिताचे काम नव्हे.

तिसरा निर्णय चिकटलेल्या वस्तूंचा. दोन दाणे परस्परांना लागले की वरील रीतीने ते एकच ठरतात. पॅरिसच्या खाणकाम विद्यालयाशी संबंधित असलेले जॉर्ज माथेराँ आणि ज्याँ सेरा यांनी १९६४ पासून आकारांचे जे गणित उभारले, त्याची प्रेरणा लोहखनिजाच्या अभ्यासातून आलेली होती. आकाराची कड चोहोबाजूंनी थोडी थोडी झिजवीत गेले की दोन दाण्यांमधील अरुंद जोड तुटतो व ते सुटे होतात, ही त्यातील एक सोपी कल्पना. त्याच परंपरेतील सेर्ज बशे आणि क्रिस्तियाँ लाँत्विज्वेल यांनी १९७९ मध्ये पाणलोटाची कल्पना पुढे मांडली. चित्र हा डोंगराळ प्रदेश मानावा, त्याच्या खोलगट भागांतून पाणी वर चढू द्यावे आणि दोन तळ्यांचे पाणी जेथे भेटेल तेथे बांध घालावा. हे बांध म्हणजेच वस्तूंच्या सीमा. सह्याद्रीच्या माथ्यावर उभे राहून पूर्वेकडे व पश्चिमेकडे वाहणारे पाणी पाहिलेल्या आपल्या वाचकाला ही उपमा समजावून सांगावयास नको.

या काळात इंग्लंडमधील केंब्रिज येथे मेटल्स रिसर्च या संस्थेने १९६३ मध्ये ‘क्वांटिमेट’ हे दूरचित्रवाणीच्या तत्त्वावर चालणारे प्रतिमामापक यंत्र बाजारात आणले होते. परंतु अशी यंत्रे महाग होती व मोठ्या प्रयोगशाळांनाच परवडत. गणनेची ही विद्या सामान्य अभ्यासकाच्या मेजावर येण्यास वैयक्तिक संगणकाची वाट पाहावी लागली.

५

ती मेजावर आली दोन भिन्न घराण्यांतून, आणि हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

पहिले घराणे मापनाचे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील वेन रॅसबँड याने १९८७ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी ‘एनआयएच इमेज’ ही आज्ञावली तयार केली. १९९७ मध्ये तिची ‘इमेजजे’ ही नवी आवृत्ती निघाली व ती कोणत्याही संगणकावर चालू लागली. दोन्ही आज्ञावल्या विनामूल्य होत्या. उंबरठा ठरवावा, लहानात लहान व मोठ्यात मोठा आकार सांगावा, कडेवरील वस्तू धरावयाच्या की सोडावयाच्या ते सांगावे, म्हणजे प्रत्येक वस्तूच्या क्षेत्रफळासह यादी मिळते, अशी सोय त्यात आहे. संख्या काढणे हाच तिचा जन्महेतू.

दुसरे घराणे सुशोभनाचे. मिशिगन विद्यापीठातील विद्यार्थी टॉमस नोल याने १९८७ च्या सुमारास संगणकाच्या पडद्यावर करड्या छटा दाखविणारी एक छोटी आज्ञावली लिहिली. चित्रपटांतील दृश्यचमत्कृतींच्या व्यवसायात असलेला त्याचा भाऊ जॉन याने तिच्यातील शक्यता ओळखली. दोघांच्या श्रमांतून ‘फोटोशॉप’ साकार झाले व ॲडोबी या संस्थेने त्याची पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९० मध्ये प्रसिद्ध केली. छायाचित्र अधिक उजळ, अधिक नेटके, अधिक परिणामकारक करणे हा तिचा जन्महेतू. गणना तिच्या कुळात नव्हती.

पण जे साधन हाताशी असते त्याच्याकडूनच मनुष्य काम करवून घेतो. गणनेची स्वतंत्र सोय नसतानाही अशा आज्ञावलीत मोजता येते, आणि त्याची एक युक्ती सांगण्याजोगी आहे. मूळ चित्रावर एक पारदर्शक थर घ्यावा. प्रत्येक वस्तूवर एकाच आकाराचा, कडा स्पष्ट असलेला ठिपका ठेवावा. शेवटी त्या थरातील रंगीत बिंदूंची एकूण संख्या आज्ञावलीला विचारावी आणि तिला एका ठिपक्यातील बिंदूंनी भागावे. एक ठिपका ८१ बिंदूंचा आणि एकूण बिंदू २०,२५० असतील तर वस्तू २५० होत. ठिपके परस्परांवर पडता कामा नयेत, एवढे पथ्य पाळले की हा भागाकार चुकत नाही. परत करावयाच्या ताटल्यांना एकेक खडा मोजून ठेवण्याच्या जुन्या रीतीचेच हे अंकीय रूप होय.

२००७ मध्ये निघालेल्या ‘फोटोशॉप सीएस ३’ च्या विस्तारित आवृत्तीत गणनेचे साधन व मापनाची नोंदवही यांचा समावेश झाला. वैद्यक, अभियांत्रिकी व विज्ञान या क्षेत्रांतील अभ्यासकांसाठी ती आवृत्ती मुद्दाम तयार केलेली होती. साधन दोन प्रकारांनी वापरता येते. पहिल्यात मोजणारा प्रत्येक वस्तूवर टिचकी मारतो व तेथे अनुक्रमांक उमटतो. दुसऱ्यात रंगाच्या सारखेपणावरून वस्तू निवडावयाच्या आणि निवडलेले स्वतंत्र भाग किती ते नोंदवहीत उतरवून घ्यावयाचे. पहिल्या प्रकारात ‘एक’ कशाला म्हणावे हे डोळा ठरवितो आणि यंत्र केवळ स्मरण ठेवते. दुसऱ्यात डोळा रंगाची मर्यादा ठरवितो आणि संलग्नतेचा निर्णय यंत्र घेते. आमच्या मते पहिला प्रकार संथ असला तरी त्याचा एक मोठा गुण आहे. क्रमांक चित्रावर राहतात, आणि म्हणून दुसऱ्या अभ्यासकाला ‘तुमचा १७ वा दाणा हा दाणा नसून खडा आहे’ असे म्हणता येते. ज्या गणनेशी वाद घालता येतो तीच गणना शास्त्रीय, असे म्हणावयास हरकत नाही.

कडेचा प्रश्न मात्र येथेही सुटलेला नाही. कडेवरील सर्वच वस्तू सोडून दिल्या तर मोठ्या वस्तूंवर अन्याय होतो, कारण मोठी वस्तू कडेला लागण्याचा संभव अधिक असतो. दोन बाजू धरण्या-सोडण्याचा जुना नियम गोल पेशींपुरता ठीक आहे. लांबट वा वेड्यावाकड्या आकारांना तो अपुरा पडतो. डेन्मार्कमधील हान्स यॉर्गेन गुंडरसेन याने १९७७ मध्ये निषिद्ध बाजूची रेषा चौकटीच्या बाहेर वर व खाली लांबवून हा दोष दूर केला. ही सुधारणा पाटी-पेन्सिलीने करता येण्याइतकी सोपी आहे. ती कोणत्या प्रयोगशाळेत पाळली जाते, यावरून तेथील मोजणीची पारख करावी.

फोटोशॉपच्या वंशाचा आणखी एक परिणाम नोंदविला पाहिजे. जी आज्ञावली मोजते तीच आज्ञावली चित्र बदलतेही. कडा धारदार केल्या, काळोख उजळला, नको असलेला डाग पुसला, की मोजावयाच्या वस्तूंची संख्या बदलू शकते, आणि बदल करणाऱ्याच्या मनात लबाडी असलीच पाहिजे असे नाही. ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’ या नियतकालिकाने २००२ पासून स्वीकृत लेखांतील प्रतिमांची तपासणी सुरू केली. तेथील माइक रॉसनर व केनेथ यामादा यांनी २००४ मध्ये लिहिलेल्या लेखाने प्रतिमांतील फेरफारांचा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे ठेवला. हस्तलिखिताच्या संपादकाने मूळ पाठ जपून ठेवावा आणि आपले पाठभेद वेगळे दाखवावेत, हा दंडक आपल्याकडे सुप्रतिष्ठित आहे. प्रतिमेच्या बाबतीत याहून निराळे काही सांगावयाचे नाही.

६

आतापर्यंत पेशी, कण व दाणे यांचा विचार झाला. मोजावयाची वस्तू मनुष्य असली म्हणजे प्रश्नाला निराळीच धार येते.

कॅलिफोर्नियातील बर्कले येथे वृत्तविद्येचे अध्यापन करणारे हर्बर्ट जेकब्स यांच्या खिडकीतून विद्यार्थ्यांच्या सभांचे पटांगण दिसत असे. पटांगणाच्या फरसबंदीवर आपोआपच चौकटी पडलेल्या होत्या. त्यांवरून १९६७ च्या सुमारास त्यांनी एक नियम बसविला : विरळ गर्दीत दर माणशी १० चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार आणि अतिशय दाटीत अडीच चौरस फूट जागा धरावी. मालासेची जाळीच येथे पटांगणावर उतरली, असे म्हणता येईल. परंतु १ लाख चौरस फुटांच्या मैदानाला हा नियम लावून पाहा. विरळ म्हटले तर १०,००० माणसे, दाट म्हटले तर सुमारे २२,०००, अतिदाट म्हटले तर ४०,०००. क्षेत्रफळ अचूक मोजूनही केवळ एका विशेषणाच्या निवडीने आकडा चौपट होतो.

या विशेषणाची किंमत १६ ऑक्टोबर १९९५ रोजी वॉशिंग्टनमध्ये झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांच्या महामेळाव्याने दाखवून दिली. मेळाव्याच्या नावातच दहा लाखांचा उल्लेख होता. राष्ट्रीय उद्यान सेवेने ४ लाखांचा अंदाज जाहीर केला. संयोजक लुई फाराखान यांनी तो अमान्य करून न्यायालयात जाण्याचा इशारा दिला. पुढे बॉस्टन विद्यापीठातील फारूक अल-बाझ यांनी हवाई छायाचित्रे संगणकावर घेऊन, त्यांची लहान चौकोनांत विभागणी करून पुन्हा मोजणी केली व ८ लाख ३७ हजार हा आकडा दिला. त्यात शेकडा २० कमीअधिक होण्याची शक्यता त्यांनी सांगितली. म्हणजे खालची मर्यादा सुमारे ६ लाख ७० हजार, आणि वरची दहा लाखांच्या किंचित पुढे. या वादानंतर १९९६ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने उद्यान सेवेला अशा गणनेसाठी निधी वापरण्यास मनाई केली. मोजणी सदोष होती म्हणून ती सुधारण्याऐवजी मोजणेच थांबविले गेले. अप्रिय आकड्याला सत्तेने दिलेले हे उत्तर इतिहासकाराने विसरू नये.

यानंतरची पायरी म्हणजे शिकणारी यंत्रे. ऑक्सफर्ड येथील व्हिक्टर लेम्पिट्स्की व अँड्र्यू झिसरमन यांनी २०१० मध्ये मांडलेल्या रीतीत प्रत्येक वस्तू वेगळी ओळखण्याचा आग्रहच सोडून दिलेला आहे. चित्राच्या प्रत्येक बिंदूपाशी वस्तूंची घनता किती हे संगणक अंदाजतो, आणि त्या घनतांची बेरीज म्हणजे संख्या. गर्दी मोजणाऱ्या पुढील अनेक पद्धती याच वाटेने गेल्या. सूक्ष्मपणे पाहता हा जेकब्स यांच्याच घनतेच्या कल्पनेचा विस्तार आहे. फरक इतकाच की, विरळ-दाट हे विशेषण आता यंत्र लावते. ते यंत्राला शिकविले कोणी? चित्रांतील एकेका वस्तूवर एकेक ठिपका ठेवून देणाऱ्या माणसांनी. फोटोशॉपमध्ये टिचकी मारून क्रमांक उमटविणारा विद्यार्थी आणि यंत्राच्या शिक्षणासाठी ठिपके देणारा कर्मचारी यांची कृती एकच आहे. भेद हा की, पहिल्याचे ठिपके चित्रावर दिसत राहतात, दुसऱ्याचे यंत्राच्या पोटात विरघळून जातात.

७

या सर्वांचा आपल्या अभ्यासाशी काय संबंध, असे कोणी विचारील. तो संबंध दूरचा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली व आपल्या अनुयायांना दिली. त्या प्रसंगी उपस्थित असलेल्या जनसमुदायाचे आकडे निरनिराळ्या ग्रंथांत सुमारे साडेतीन लाखांपासून पाच लाखांपर्यंत दिलेले आढळतात. त्या घटनेचे महत्त्व आकड्यावर अवलंबून नाही, हे उघड आहे. तरीही आकडा लिहावयाचा तर तो कोठून आला हे विचारणे आपले कर्तव्य ठरते. त्या दिवसाचे एखादे छायाचित्र संगणकावर उघडून त्यातील माणसे मोजली म्हणजे प्रश्न सुटेल, असा भ्रम मात्र कोणी बाळगू नये. छायाचित्र म्हणजे एका क्षणाची एक चौकट. चौकटीबाहेर कोण होते, अगोदर कोण येऊन गेले, दूरच्या रांगांतील एका धूसर बिंदूत किती मस्तके सामावली आहेत, हे चित्र सांगत नाही. गॉसेटचा वर्गमुळाचा नियम मोजलेल्यांच्या प्रमादाविषयी बोलतो. चौकटीत न आलेल्यांविषयी तो मौन पाळतो.

म्हणून प्रतिमेवरून काढलेला आकडा आपल्या लेखनात घेताना पाच गोष्टींची नोंद त्याच्यासोबत असावी, अशी आमची सूचना आहे. मूळ प्रतिमा कोणती व तिच्यात कोणते फेरफार झाले. चौकट कोणती व कडेच्या वस्तूंना कोणता नियम लावला. वस्तू आणि पार्श्वभूमी यांतील उंबरठा कसा ठरविला. चिकटलेल्या वस्तूंना एक मानले की अनेक. आणि संभाव्य प्रमाद किती. ताम्रपटाचे वाचन प्रसिद्ध करताना ठसा, अक्षरांची झीज व संशयित वाचने आपण देतोच. आकड्यालाही तोच न्याय लावावयाचा आहे.

फिरोर्टच्या काचेपासून आजच्या शिकणाऱ्या यंत्रापर्यंत गणनेचा वेग कल्पनातीत वाढला. परंतु ‘एक’ कशाला म्हणावे हा निर्णय प्रत्येक वेळी कोणीतरी मनुष्यच घेत आला आहे : कधी सूक्ष्मदर्शकावर वाकून, कधी नियम लिहून, कधी उंबरठ्याचा अंक निवडून, कधी नमुन्यादाखल ठिपके देऊन. साधन जसजसे सुलभ होत गेले तसतसा हा निर्णय दृष्टीआड होत गेला. तो पुन्हा दृष्टीसमोर आणणे हे गणितज्ञाचे काम असेल वा नसेल. इतिहासाच्या अभ्यासकाचे ते निश्चित आहे. आकडा हाही एक दस्तऐवजच आहे, आणि दस्तऐवज कोणी, कसा व कशासाठी केला हे पाहिल्यावाचून त्यावर विश्वास ठेवू नये, हे आपल्या शास्त्राचे पहिले सूत्र आहे.